मामीच्या चाळणीतून पडलेली पापडी

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. घरी जाऊन, हातपाय धुऊन, चहा घेऊन नीट लिहीन म्हटलं तर मी ते सुधारून लिहीन. आणि सुधारलं की माझी चूक आपोआप बारीक दिसायला लागते, हे मला स्वतःबद्दल चांगलं माहितीये. म्हणून कल्याणहून मुरबाडला जाणाऱ्या एसटीत बसून, मांडीवर रिकामी गोण घेऊन, अंगठ्याने टाइप करतेय. खड्ड्यात अक्षरं इकडची तिकडे झाली तर समजून घ्या.

मी किन्हवलीकडची. समुद्री जीवशास्त्रात एमएस्सी करते, शेवटचं वर्ष. "आपल्याकडे समुद्र कुठाय गो?" हा प्रश्न मला एवढ्या लोकांनी विचारलाय की आता मी उत्तर देतच नाही, नुसती पश्चिमेकडे बोट दाखवते. शेणव्याची आत्या म्हणाली होती, "मासे बघायला एवढं लांब जायचं? बाजाराच्या दिवशी बघ की, सुके पण दिसतील." आणि माझा प्रोजेक्ट जीवाश्मांवर आहे म्हटल्यावर तर विषयच संपला. जीवाश्म म्हणजे डायनोसॉरचं हाड, बास.

पण जीवाश्म म्हणजे जुन्या जिवाची राहिलेली कुठलीही खूण. साधा शिंपलासुद्धा. आतला जीव मरतो, शिंपला चिखलात गाडला जातो, त्यावर अजून चिखल, त्यावर अजून. शेकडो वर्षांनी, कधी हजारो वर्षांनी, कुणी तिथे खणलं की खाडीचा जुना हजेरीपट हातात येतो. आज खाडीत कोण राहतं ते जाळं टाकून कळतं. पण आधी कोण राहायचं आणि आता नाही, ते जिवंत खाडी सांगूच शकत नाही. ते मेलेले शिंपलेच सांगतात. एखादी जात पृथ्वीवरून एकदम जात नाही. आधी या खाडीतून जाते, मग शेजारच्या. लोक तिचं नाव विसरतात, मग ती कधी होती हेच विसरतात. आमच्या मॅडम म्हणतात, जी जात थोड्याच जागी राहते ती आधी जाते, दगडातले जुने जीवाश्म सगळीकडे हेच सांगतात. म्हणून कुठली जागा जपायची हे ठरवताना मेलेल्यांना पण विचारायचं.

आता शहापूर-मुरबाडची जमीन म्हणजे सगळा लाव्ह्याचा काळा कातळ. आमच्या शेतात कितीही खणा, शिंपला निघणार नाही. मग मी जीवाश्म कुठे शोधले? मामाच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये.

मामा-मामी मुरबाडच्या पुढे राहतात. भात आहेच, पण घर चालतं अंड्यांवर. काही शे कोंबड्या आहेत. अंडी देणाऱ्या कोंबडीला चुना लागतो, नाहीतर अंड्याचं कवच पातळ होतं आणि ट्रेमध्येच फुटतं. त्यासाठी शिंपले ठेचून घालतात. मामाकडे टेम्पोतून शिंपल्यांच्या गोण्या येतात, आणि त्या गोण्या येतात खाडीवरून. तिथे कुणीतरी चिखलाच्या पट्टीच्या कडेला कोळंबीचं तळं खणलंय, त्यात हातभर चिखलाखाली शिंपल्यांचा थरच्या थर लागला. तळंवाल्याला ती कटकट आणि पोल्ट्रीवाल्यांना खाद्य. आमच्या काळू नदीचं पाणी शेवटी ज्या खाडीत जातं, तिचाच तो जुना हजेरीपट कोंबड्या रोज संध्याकाळी खात होत्या.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मॅडमना रात्रीचे आठ वाजायच्या आत सहा व्हॉइस मेसेज पाठवले. मॅडमनी एकच उत्तर दिलं, "मोजायला लाग."

शेडच्या मागे शिंपल्यांचा मोठा ढीग होता. पावसाने धुऊन निघालेला, स्वच्छ, पांढरा. मी त्यावर दोन आठवडे बसले. बादलीमागून बादली मोजली, मापं घेतली, फोटो काढले. जवळजवळ सगळी कालवं. जाड, खडबडीत, कातळाला चिकटणारी कालवं, आणि केवढी? तळहाताएवढी. आजकाल खाडीच्या कातळावर मिळतात ती अर्धी पण नसतात. म्हणजे सरळ होतं: ही खाडी कालवांची होती, पूर्वी ती मोठी व्हायची, आता वाढायच्या आधीच लोक काढतात. कातळाची बाजू बंद ठेवली पाहिजे.

हे नुसतं वहीत राहणार असतं तर गोष्ट वेगळी होती. पण खाडीवरच्या मच्छीमारांच्या सोसायटीने मॅडमनाच विचारलं होतं. त्यांनी ठरवलं होतं की खाडीचा एक भाग दोन वर्षं पूर्ण बंद ठेवायचा, कुणी हात लावायचा नाही, बघू काय परत येतंय. एक तर तोंडाकडचा कातळ, नाहीतर आतली चिखलाची पट्टी, जिथे आता यांत्रिक फावडी तळ खरवडून काढतात. दोन्ही बंद करणं परवडणारं नव्हतं. कुठला, हे आमच्या मोजणीवरून ठरणार होतं. मी रिपोर्ट पाठवला. शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं, इतकं मला ते आवडलं होतं: "कातळाचे संरक्षण तातडीने करावे." सोसायटीच्या ग्रुपवर लगेच मेसेज फिरला, शनिवारी बैठक, कातळ बंद होणार.

बुधवारी दुपारी मला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"तू ती कोंबड्यांवाली पोरगी ना?"

"हो. म्हणजे, मी अभ्यास करते. आपण कोण?"

"मी कालवं काढणारी. कातळावर आमी बाराजणी जातो. आहोटीला जायचं, भरतीच्या आधी यायचं. तुझ्या कोंबड्यांनी आमचा कातळ बंद केला म्हणतात."

मी समजावलं. खरं सांगते, मी अगदी गोड आवाजात समजावलं, आणि तेच आता जास्त लागतं. म्हटलं, मावशी, पूर्वी कालवं केवढी मोठी व्हायची बघा, तुमच्याच भल्यासाठी आहे, दोन वर्षांनी मोठी मिळतील.

"कातळावर कालव लहानच असतं, बाय. दाटीत बसतं ना. लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेला माणूस कधी जाडा होतो काय?"

मला हसू आलं. ती हसली नाही.

"दोन वर्षं आमी काय करायचं ते त्या कागदात हाय काय? मी चाळीस वर्षं तिथे बसते. कालवं कमी नाय झाली. तू चिखलात बघ म्हणावं, चिखलात काय उरलंय ते."

"मावशी, मोजणी वेगळं सांगते."

"मोजणी कुणाची, तुझी ना?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी मामीला सांगितलं, बघ, लोकांना विज्ञान पटवून देणं किती कठीण असतं. मामी अंडी पुसत होती. ती म्हणाली, "हूं."

गुरुवारी सकाळी मी बैठकीसाठी फोटोंचा तक्ता बनवत होते. मामी मागून वाकून बघायला लागली. तिचे हात ओले होते, म्हणून तिने कोपराने मोबाईलकडे दाखवलं.

"आणि पापडी कुठाय ह्यात?"

"कसली पापडी?"

"अगो ती चपटी. पातळ. उजेडात धरली तर पलीकडचं दिसतं. पापडासारखी मोडते, म्हणून मी पापडी म्हणते. गोणीत अर्धी तर तीच असते."

"मामी, मी एवढे शिंपले मोजले, मला एक पण नाही दिसली."

"तू कुठली मोजलीस?"

"मागच्या ढिगातली."

 मामी अशी हसली की पदर तोंडाला लावावा लागला. "अगो, तो ढीग तर चाळून उरलेला. त्यात पापडी कशी राहील?"

मग तिने मला दाखवलं. दोन आठवडे मी शेडच्या मागे बसले होते आणि पुढे काय चालतं ते एकदाही बघितलं नव्हतं, कारण ते घरातलं काम होतं आणि मी अभ्यास करत होते. मामी गोण सोडते, ताडपत्रीवर पसरते, खारटपणा जायला पाणी मारते. वाळलं की चपला घालून त्यावरून दोन फेऱ्या मारते, मग धोपाटण्याने वरवर ठोकते. मग वाळू चाळायच्या चाळणीतून चाळते. खाली पडतं ते कोंबड्यांना. वर राहतं ते, म्हणजे जे धोपाटण्याला दाद देत नाही ते, घमेल्यात भरून मागे फेकायचं. ते मामाने घणाने फोडायचं असं लग्न झाल्यापासून ठरलेलं आहे, आणि मामाला लग्न झाल्यापासून वेळ मिळालेला नाही.

कळतंय ना तुम्हाला? पातळ ते सगळं चाळणीतून गेलं. लहान ते सगळं गेलं. लहान कालवंसुद्धा गेली. मागे उरलं ते फक्त मोठं आणि जाड. आणि मी त्या उरलेल्याकडे बघून जाहीर केलं की पूर्वी सगळं मोठं आणि जाडच होतं. मी खाडी मोजलीच नव्हती. मी मामीची चाळण मोजली होती.

हे आम्हाला पहिल्या सेमिस्टरला शिकवलंय, ते पण सांगून टाकते. जीवाश्म म्हणजे जे जगलं ते सगळं नाही, जे टिकलं ते. मऊ जीव टिकत नाही, पातळ कवच टिकत नाही, म्हणून मोजायच्या आधी विचारायचं की इथे काय टिकलं नसेल. मला त्या प्रश्नाला दहापैकी नऊ मार्क होते.

 बारा बायकांचा कातळ परवा बंद होणार होता, माझ्या वाक्यावर. आणि चिखलाची पट्टी उघडी राहून खरवडली जाणार होती, ती पण माझ्याच वाक्यावर.

"मामी, न सोडलेली गोण आहे का?"

"एक हाय. सोमवारपर्यंत तेवढीच."

"मला ती पूर्ण लागेल. अख्खी. चालायचं नाही त्यावर."

"घे. आणि आज कोंबड्यांना काय घालू, तुझा रिपोर्ट?"

तेवढ्यात मामा शेताकडून आला आणि मामीला तोडगा सापडला. मागचा ढीग होताच. मामाला घण दिला. तो म्हणाला, "आज काय विशेष?" मामी म्हणाली, "आपल्या भाचीचं सायन्स. फोडा." दोन दिवस मामा माझा जुना अभ्यास घणाने फोडत होता आणि कोंबड्या तो खात होत्या.

आम्ही दोघी ताडपत्रीवर बसलो. पापडी खरंच होती, कातळाला न चिकटता चिखलावर आडवी पडून राहणारी जात. अर्धवट मोडलेली, कागदाएवढी पातळ, धुतल्यावर चंदेरी. वर धरली की पलीकडे शेडचं जाळं धुरकट दिसायचं. पण तुकड्यांचं काय करायचं? एक शिंपला दहा तुकड्यांत मोडला तर तो दहा वेळा मोजला जाईल, मग परत तीच बोंब. म्हणून नियम असा की फक्त बिजागराचा तुकडा मोजायचा, जिथे दोन झडपा जोडलेल्या असतात. पापडीच्या बिजागरावर दोन उंच रेघा असतात, गावठी घराच्या छपरासारख्या, वर जुळलेल्या आणि खाली फाकलेल्या. मी मामीला एक दाखवला. अर्ध्या तासात ती माझ्या दुप्पट वेगाने वेचत होती.

"तांदूळ निवडण्यापेक्षा सोपं हाय," ती म्हणाली. "खडा चुकला तर दात जातो. इथे चुकलं तर काय जातं?"

मी म्हटलं, "बारा बायकांचा कातळ."

मग तिचा वेग थोडा कमी झाला. प्रत्येक तुकडा उलटा करून बघायला लागली.

शुक्रवारी दुपारी गोण संपली. पापड्यांची रास सगळ्यात मोठी, तिच्यापुढे बाकी सगळं मिळून लहान. कालवं होती, पण थोडी, आणि लहान-मोठी मिसळलेली, जशी आज असतात तशीच. म्हणजे मावशीचं बरोबर होतं, कालवांचं फारसं काही बिघडलेलं दिसत नव्हतं. जी जात त्या चिखलात एवढी दाट पसरलेली होती, ती मात्र आज त्या खाडीत जिवंत कुणाला सापडत नाही. आमच्या जाळ्यात तर एक पण आली नव्हती. आणि एकाच गोणीवरून एवढं मोठं बोलायचं का? मी टेम्पोवाल्याला फोन केला. अजून दोन पोल्ट्रीवाल्यांकडे त्याच तळ्याच्या गोण्या होत्या. मामाच्या बाईकवर मागे बसून तिथे गेले, बंद गोण्या उघडायला लावल्या, वरून, मधून, तळातून घमेलंभर घेतलं. तिन्हीकडे तेच.

मॅडमना फोन करायच्या आधी मी पाणी प्यायले. मग सगळं एका दमात सांगितलं, चपलांसकट.

 मॅडम म्हणाल्या, "ढीग कसा तयार झाला हे मी तुला विचारायला हवं होतं. नाही विचारलं. ते माझं. आता उद्या बैठकीत तूच सांगायचं, आणि चूक आधी सांगायची, नवीन आकडे नंतर."

"आधी आकडे सांगितले तर नाही चालणार?"

"नाही."

त्यानंतर मी मावशीला फोन लावला. तो जास्त अवघड होता. म्हटलं, मावशी, मोजणी माझी होती आणि ती चुकली. पातळ शिंपल्याचं सांगितलं, छपरासारख्या रेघांचं सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "जित्ती मी नाय बघितली कधी. पण सासू सांगायची, चिखलाच्या पट्टीवर पाय टाकला की करकर वाजायचं. आमाला वाटायचं म्हातारी काय पण बोलते."

मी ते वाक्य तसंच्या तसं वहीत लिहून घेतलं.

आज सकाळी मी मोजलेली गोण घेऊन निघाले. कंडक्टरने विचारलं यात काय, मी म्हटलं शिंपले, तो म्हणाला मुरबाडहून खाडीला शिंपले नेणारी तू पहिलीच. बैठक सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती, पन्नासेक माणसं. कालवं काढणाऱ्या बायका एका बाजूला, एकत्र. मी उभी राहिले आणि पहिलं वाक्य म्हटलं, "मी पाठवलेला रिपोर्ट चुकीचा आहे." मग मामीची चाळण सांगितली, चपला सांगितल्या, धोपाटणं सांगितलं.

मागून एक माणूस म्हणाला, "म्हणजे बुधवारी कातळ, आज चिखल. सोमवारी काय, माळशेज घाट बंद करायचा?"

सगळे हसले. मी पण हसले, कारण प्रश्न योग्य होता. मी म्हटलं, सोमवारी काही बदललं तर कशामुळे बदललं ते सांगीन, पण तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. आणि गोण ताडपत्रीवर ओतली. बिजागर कसं ओळखायचं ते दाखवलं. पहिल्यांदा मावशी उठली. मी तिला आवाजावरून ओळखलं, ती म्हणाली, "सरका, मला बघू दे." मग इतर बायका, मग तो माळशेजवाला. वीस मिनिटं कुणी भाषण केलं नाही, सगळे खाली बसून तुकडे उलटे करत होते. त्याने स्वतः तीन राशी केल्या आणि स्वतःच म्हणाला, "आयला, हे तर खरंच चिखलातलं हाय."

ठरलं ते असं. कातळ उघडा राहणार, नेहमीसारखा. चिखलाची पट्टी, तळ्याच्या बांधापासून वळणापर्यंत, दोन वर्षं बंद. यांत्रिक फावडी तिथे जाणार नाहीत. मॅडमनी स्पष्ट सांगितलं की पापडी आपोआप परत येईलच असं नाही, आधी किनाऱ्यावर ती अजून कुठे जिवंत आहे ते शोधायला लागेल, पिल्लं तिथूनच वाहत येऊ शकतात. पण आली तर तिला बसायला न खरवडलेला चिखल लागेल, आणि तो आता असेल. मला वाटतं येईल. हे मात्र मोजून सांगत नाहीये.

निघताना मावशी म्हणाली, "परत कधी कागद लिहिलास तर आधी मला फोन कर." मी हो म्हटलं. मग तिने विचारलं, "आणि मामी काय शिकलीय?"

"सातवी."

"तिला आण पुढच्या टायमाला. तू राहिलीस तरी चालेल."

गोवेली गेलं, आता मुरबाड यायला वेळ नाही लागणार. मामीचा मेसेज आलाय, काय झालं विचारतेय, आणि मी तिला उत्तर द्यायच्या आधी तुम्हाला लिहितेय, कारण मला एक खरंच जाणून घ्यायचंय. तुमच्या बाबतीत झालंय का असं? समोर जेवढं उरलंय तेवढंच सगळं होतं असं धरून तुम्ही ठाम बोलून बसलात, दुसऱ्या कुणाचं तरी त्यात नुकसान होणार होतं, आणि मग घरातल्याच कुणीतरी काम करता करता सांगितलं की बाकीचं आधीच गेलं? झालं असेल तर कधी कळलं तुम्हाला, वेळेत की नंतर?